अठराव्या वर्षानंतरचे घर आणि ते चालवणारी माणसे

बालगृहातल्या मुलाचा अठरावा वाढदिवस पुष्कळदा अंदाजाने ठरलेला असतो. नागपूर रेल्वे स्थानकावर दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन मोठे मार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे घरातून निघून आलेली, हरवलेली, सोडून दिलेली मुले देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून इथे उतरतात. जन्मदाखला त्यांच्याजवळ नसतो. मग शाळेचा कागद शोधला जातो, तो नसला तर हाडांची तपासणी होते, आणि त्यावरून बाल कल्याण समिती वय नोंदवते. कागदावरची ती तारीख पुढे मुलाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी तारीख होते, कारण त्या दिवशी त्याचे बालगृहातले राहणे संपते. पाटणकर चौकातल्या शासकीय बालगृहात वाढलेल्या मुलाला हाच नियम आहे आणि एखाद्या खाजगी संस्थेत वाढलेल्या मुलीलाही हाच. कुटुंबात वाढणारे मूल अठराचे झाले की मतदार होते, पण म्हणून त्याचे अंथरूण कुणी उचलत नाही.

मुलांसाठी वेगळा कायदा करणाऱ्या पहिल्या काही प्रांतांत मध्य प्रांताचा समावेश होता. तो कायदा १९२८ चा, आणि प्रांताची राजधानी नागपूर. तेव्हापासून कायदे बदलत गेले. सध्याचा बाल न्याय अधिनियम २०१५ चा आहे. त्याच्या कलम ४६ नुसार अठरा पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत देता येते, मात्र ती दिलीच पाहिजे असे बंधन त्यात नाही. २०१६ च्या आदर्श नियमांत चित्र अधिक स्पष्ट आहे. एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि विशेष परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत, या तरुणांना अनुरक्षण सेवा, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरचा आधार, मिळावी. सहा ते आठ जणांच्या गटाने त्यांना तात्पुरते एकत्र राहता यावे. प्रशिक्षण चालू असताना विद्यावेतन असावे. त्यांच्याशी सतत संपर्क ठेवणारा समुपदेशक असावा. २०२२ पासूनच्या मिशन वात्सल्यमध्ये यासाठी प्रत्येकी दरमहा चार हजार रुपयांची तरतूद आहे. कागदावरची ही रचना मला मनापासून चांगली वाटते. विशेषतः सहा ते आठ जणांचे घर ही कल्पना, कारण तेवढ्या माणसांत कोण जेवला नाही हे कुणाच्या तरी लक्षात येते.

पण ज्याच्या ते लक्षात येते तो माणूस कोण, आणि तो तिथे किती दिवस टिकणार, याचे उत्तर नियमांतून मिळत नाही. अशा घरांची, म्हणजे अनुरक्षण गृहांची, चर्चा होते तेव्हा खाटा मोजल्या जातात, अनुदान मोजले जाते, लाभार्थी मोजले जातात. माझे म्हणणे असे की अशा घराचे भवितव्य मुख्यतः एका गोष्टीवर ठरते: घराचा प्रमुख तिथल्या कर्मचाऱ्यांना कसा सांभाळतो. काळजीवाहक, समुपदेशक, स्वयंपाकीण, रात्रपाळीचा माणूस यांच्यामागे जर कुणी उभे नसेल, तर त्यांनी मुलांमागे उभे राहावे ही अपेक्षा टिकत नाही.

बालगृहाचे अधीक्षकपद हे बऱ्याच अंशी ताब्याचे पद आहे. पटावर किती, हजर किती, आजारी किती, आणि एखादे मूल पळाले तर खुलासा कोण देणार, या चौकटीत अधीक्षकाचा दिवस जातो. लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्यातले काही आवश्यकही असते. अनुरक्षण गृहात ही चौकट निरुपयोगी ठरते. एकोणीस वर्षांच्या मुलाला कुलपात ठेवता येत नाही. तो हिंगण्याच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जातो आणि मध्यरात्री परततो. त्याच्या खिशात आयुष्यातला पहिला पगार असतो, बहुधा खर्ऱ्याची पुडीही असते. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पैसे संपवून तो उधार मागतो. कारखान्यातल्या सुपरवायझरने आवाज चढवला की काम सोडून येतो, कारण चढलेला आवाज त्याने लहानपणी फार वेगळ्या अर्थाने ऐकलेला असतो. ज्या दिवशी कर्मचारी त्याच्याशी सगळ्यात चांगले वागले त्याच रात्री तो भांडण उकरून काढतो, कारण पूर्वी ज्यांनी जवळ केले ते सगळे कधी ना कधी गेले. काळजीवाहकाला हे रोज झेलायचे असते. शिवीला शिवी द्यायची नाही, दुर्लक्ष करायचे नाही, आणि सकाळी त्याच मुलाला उठवून कामावर पाठवायचे. हे काम कंत्राटी मानधनावरचा, आठवड्यातून सहा रात्री जागणारा आणि ज्याला कधी कुणी ‘तुझे कसे चालले आहे’ असे विचारले नाही असा माणूस किती महिने करील?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर दूरच्या क्षेत्रातून मिळते. लंडनमधल्या एका मोठ्या अध्यापन रुग्णालयात शिकाऊ परिचारिकांना कामावर नेमण्याची घडी बिघडली होती, म्हणून इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषक अभ्यासिकेला बोलावण्यात आले. तिचा निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. तिला असे आढळले की यातना आणि मृत्यू यांच्या सान्निध्याची भीती झाकण्यासाठी रुग्णालयाने स्वतःची कामाची पद्धतच रचून घेतली होती. परिचारिकेला एका रुग्णाजवळ फार वेळ राहू द्यायचे नाही, कामाचे लहान लहान तुकडे पाडून सगळ्यांना वाटायचे, तिची सतत बदली करायची. रुग्णाचा उल्लेख नावाने होत नसे, दहाव्या खाटेवरचे यकृत असा होत असे. या पद्धतीने भीती कमी झाली नाही. उलट ज्या मुली माणसांची सेवा करायची म्हणून आल्या होत्या त्यांना सेवेतले समाधान मिळेनासे झाले, आणि त्यांतल्या अनेक जणी शिक्षण अर्धवट सोडून निघून गेल्या.

आपल्याकडच्या निवासी संस्थांकडे या नजरेने पाहिले तर बरेच काही उलगडते. रजिस्टरे वाढत जातात, मुलाशी बोलणे कमी होते. कर्मचाऱ्यांची पाळी अशी फिरते की कुणालाच कुणाचा लळा लागू नये. एखादी घटना घडली की नवा नियम लावला जातो, आणि तो नियम का लावला हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. यात कर्मचाऱ्यांचा कोडगेपणा शोधणे अन्यायाचे आहे. ज्या दुःखाला हात लावला तर ते आपल्यालाच पेलणार नाही, त्यापासून माणसे आडोसा शोधतात. तो आडोसा अनावश्यक करणे, म्हणजे दुःख पेलता येईल अशी व्यवस्था कामाच्या जागी उभी करणे, हे घराच्या प्रमुखाचे पहिले काम आहे.

ही व्यवस्था काही गूढ नाही. रात्रपाळीचा माणूस सकाळी जाताना वहीत सही करून निघून न जाता पंधरा मिनिटे बसून दिवसपाळीच्या माणसाला रात्र सांगतो: कोण झोपला नाही, कुणाचा फोन आला, कोण गप्प होता. आठवड्यातून एकदा सगळे कर्मचारी, स्वयंपाकीणबाई धरून, एकत्र बसतात. स्वयंपाकीणबाईंना मुद्दाम धरले पाहिजे, कारण मुले समुपदेशकाला जे सांगत नाहीत ते ओट्याजवळ उभे राहून सांगतात. प्रत्येक तरुणामागे एक ठरलेला कर्मचारी असतो आणि तो सहजासहजी बदलला जात नाही. तो नोकरी सोडणार असेल तर ते तरुणाला आधी सांगितले जाते, नीट निरोप घेतला जातो. मारामारी, चोरी, स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न असे काही घडले तर प्रमुख आधी त्या पाळीच्या कर्मचाऱ्याला चहा पाजतो आणि खुलासा नंतर मागतो. कर्मचाऱ्याने स्वतःच्या खिशातून उसने द्यावे का, आपला खाजगी नंबर द्यावा का, मुलीने रात्री अकराला फोन केला तर काय करावे, हे प्रत्येकाने एकेकट्याने ठरवायचे नसते. ते एकत्र ठरते, म्हणजे एक ‘कडक सर’ आणि एक ‘चांगल्या मॅडम’ अशी वाटणी होत नाही. संस्थेत वाढलेल्या मुलांना ही वाटणी फार लवकर ओळखता येते. तिचा उपयोग ती स्वतःला वाचवण्यासाठी करतात, आणि त्यात कर्मचाऱ्यांचेच दोन तट पडतात. प्रमुखाचे लक्ष नसेल तर वर्षभरात घर आतून फुटते, बाहेरून मात्र पट भरलेला दिसतो.

याला पहिला आक्षेप विदर्भातूनच येईल, आणि तो वजनदार आहे. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस, दिव्यांग मुलांना आपले आडनाव दिले, १२३ मुलांचे ते बाप झाले, आणि अठरा झाली म्हणून कुणाला बाहेर काढायला त्यांनी ठाम नकार दिला. अशा मुलांचे आयुष्यभर पुनर्वसन व्हावे असा कायदा करा, ही त्यांची मागणी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे वाढलेली एक दृष्टिहीन तरुणी लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नोकरीला लागली. मग आठवड्याच्या बैठका आणि पाळ्यांचे नियोजन कशाला, एक बाप पुरे, असे कुणी म्हटले तर? शंकरबाबांचे काम मी या क्षेत्रातले सर्वोच्च मानतो, आणि दिव्यांग मुलांबाबतची त्यांची मागणी पूर्ण न्याय्य आहे. पण प्रत्येक जिल्ह्याला शंकरबाबा मिळतील या भरवशावर शासनाला धोरण आखता येणार नाही. शिवाय वझ्झरचे मर्म नीट पाहिले तर माझ्या मुद्द्याला बळच मिळते. तिथे मुलांना मिळाले ते न बदलणारे माणूस. एका व्यक्तीच्या त्यागातून जे सातत्य येते, ते साध्या पगारी माणसांच्या गटातून आणायचे असेल तर त्या गटाला टिकवून धरावे लागते. त्यासाठीच प्रमुख हवा.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. गडचिरोली-गोंदियाची हजारो मुले अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी नागपुरात येतात, वाडी किंवा हुडकेश्वरला चौघांत एक खोली घेतात, काम करतात, शिकतात. मग याच मुलांचे लाड का? कारण त्या चौघांपैकी प्रत्येकाच्या पाठीशी गाव असते. घरमालक ‘गाव कुठलं, वडील काय करतात’ असे विचारतो तेव्हा त्यांच्याजवळ उत्तर असते. ताप आला तर घरी फोन जातो, काम सुटले तर दोन महिने घरी राहता येते, दिवाळीला जायला जागा असते. यातले काहीच ज्याच्याजवळ नाही त्याला काही वर्षे ते मिळवून देणे म्हणजे इतरांच्या रांगेत त्याला उभे करणे. तो पुढे निघून जातो असे नाही.

शहरात बेघरांसाठी निवारे आहेतच, मग वेगळे घर कशाला, असेही विचारले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांना लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा उभारायला सांगितले. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या चोवीस लाखांवर होती, म्हणजे असे चोवीस निवारे झाले. ते झालेच पाहिजेत, डिसेंबर-जानेवारीच्या नागपुरी थंडीत त्यांच्यामुळे जीव वाचतात. परंतु निवाऱ्याचे काम रात्रीपुरते छप्पर देण्याचे आहे. तिथे म्हातारे भिक्षेकरी, स्थलांतरित मजूर, आजारी माणसे शेजारी शेजारी झोपतात. अठराच्या मुलाला तिथे पाठवणे म्हणजे बालगृहाने त्याच्यावर बारा-तेरा वर्षे केलेला खर्च आणि मेहनत शेवटच्या टप्प्यावर सोडून देणे.

वेळेचा प्रश्न सगळ्यात गंभीर आहे. नियमांप्रमाणे परिविक्षा अधिकाऱ्याने किंवा बाल कल्याण अधिकाऱ्याने मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याची पुढची योजना तयार करून समितीपुढे ठेवायची असते. दोन महिन्यांत आधार आणि बँक खाते नीट होईल, फार तर एखादा आयटीआयचा अर्ज भरला जाईल. इंग्लंडमध्ये ही योजना सोळाव्या वर्षापासून आखली जाते, आणि २०१७ च्या कायद्यानंतर तिथल्या तरुणाला पंचविसाव्या वर्षापर्यंत वैयक्तिक सल्लागार मागता येतो. आपल्याकडे सोळाव्या वर्षीच अनुरक्षण गृहाचा कर्मचारी बालगृहात जाऊ लागला, मुलाने अधूनमधून त्या घरी येऊन एक-दोन रात्री काढल्या, तर अठराव्याला तो अनोळखी दारात उभा राहणार नाही. याला नवा कायदा लागत नाही. दोन संस्थांच्या प्रमुखांनी एकमेकांशी बोलावे आणि आपल्या माणसांना त्यासाठी वेळ द्यावा, एवढेच लागते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. त्याचा लाभ घ्यायला लागणारे अनाथ प्रमाणपत्र वेळेत काढणे, परीक्षेच्या तारखा पाहणे, अभ्यासाला शांत खोली देणे, ही कामेही याच दोन वर्षांत कुणीतरी करायची असतात.

नागपूरला यासाठी लागणारी माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये इथे मातृसेवा संघ सुरू केला, आणि त्याच संघाने १९५८ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था काढली. समाजकार्य पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे विद्यार्थी दरवर्षी क्षेत्रकार्यासाठी शहरभर जातात. त्यांच्या शिक्षणात क्षेत्रकार्याच्या पर्यवेक्षणाला मोठे स्थान आहे: विद्यार्थी काय करून आला, त्याला काय जड गेले, हे प्राध्यापक दर आठवड्याला त्याच्याबरोबर बसून पाहतात. तोच विद्यार्थी पदवी घेऊन निवासी संस्थेत नोकरीला लागला की त्याच्याबरोबर असे बसणारे कुणी उरत नाही, आणि नेमके तेव्हाच त्याच्यावर खऱ्या मुलांची जबाबदारी येते. अनुरक्षण गृहाच्या प्रमुखाच्या कामाच्या वर्णनात हे पर्यवेक्षण लिहून टाकावे, त्याच्या वार्षिक मूल्यमापनात पटसंख्येबरोबर किती कर्मचारी दोन वर्षे टिकले हा आकडाही असावा, आणि चार हजार रुपये महिन्याच्या हिशेबात या बसण्याच्या तासाचा पगार धरलेला असावा. आज तो कुठल्याच रकान्यात येत नाही.