वजन घटलं, गळती थांबली?

शिंक आली, खळखळून हसू आलं किंवा पाण्याची बादली उचलली, की लघवीचे थेंब गळतात. मग लांबचा एसटीचा प्रवास टाळायचा, लग्नाकार्याला गेलं की आधी स्वच्छतागृह शोधायचं, पाणी कमी प्यायचं. कित्येक जणी हा त्रास वर्षानुवर्षं अंगावर काढतात. वजन कमी करण्याच्या, म्हणजे बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेसाठी आलेल्या स्त्रियाही मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी सगळं सांगतात, पण याबद्दल गप्प राहतात. खरं तर या तक्रारीचा वजनाशी थेट संबंध आहे.

आपल्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. तिलाच पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती आधार देते. बाळंतपण, वाढतं वय, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ यांमुळे ती सैल पडते. त्यात पोटावरची चरबी वाढली, की पोटातला दाब वाढतो आणि झोळीवर सतत ताण राहतो.

वजन उतरलं, की हा ताण हलका होतो. अमेरिकेत बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या दीड हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांच्यातल्या सुमारे ४९ टक्के जणींना लघवी गळण्याचा त्रास होता. वर्षभरानंतर हे प्रमाण १८ टक्क्यांवर आलं. तिसऱ्या वर्षी ते पुन्हा थोडं वाढून २५ टक्क्यांच्या आसपास गेलं, तरी आधीच्या मानाने निम्मंच राहिलं. ज्यांचं वजन जास्त घटलं, त्यांची तक्रार थांबण्याची शक्यताही जास्त होती.

मात्र शस्त्रक्रिया झोळीवरचा भार कमी करते, फाटलेली झोळी शिवत नाही. ज्याला बायका ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात, ते गर्भाशय खाली सरकणं वजन घटल्यावर आपोआप जागेवर येईलच असं नाही. जडपणा कमी वाटू शकतो, पण तपासणी आणि उपचार वेगळे करावे लागतात.

शौचाच्या बाबतीत तर अनुभव दोन्ही प्रकारचे असतात. बायपासनंतर काहींना पातळ शौचाला होते आणि ती रोखून धरणं अवघड जातं. उलट खाणं-पाणी कमी झाल्याने आणि लोहाच्या गोळ्यांमुळे काहींना बद्धकोष्ठ होतं. कुंथण्याने त्याच स्नायूंवर पुन्हा ताण येतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिवसभर घोट घोट पाणी पिणं महत्त्वाचं.

फक्त लघवी गळते म्हणून कुणी ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत वजन जास्त असलेल्या स्त्रियांनी आहार आणि व्यायाम यांच्या बळावर सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन घटवलं. त्यांच्या गळतीचे प्रसंग जवळपास निम्म्याने कमी झाले. म्हणजे ८० किलोच्या बाईने सहा-सात किलो कमी केले, तरी फरक पडू शकतो.

जोडीला केगेल व्यायाम आहेतच. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू पाच सेकंद आवळायचे, मग तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास रोखायचा नाही आणि लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. नेमके स्नायू सापडत नसतील, तर फिजिओथेरपिस्ट शिकवतात.

वजनाच्या शस्त्रक्रियेचा विचार करत असाल, तर आधीच सर्जनना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना हा त्रास सांगा. किती वेळा गळतं, कशामुळे गळतं, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे तीन दिवस वहीत लिहून न्या. शस्त्रक्रियेनंतर किती फरक पडला, तेही त्यावरून कळेल. लघवीत रक्त दिसलं, लघवी तुंबली किंवा योनीमार्गात गाठीसारखं काही हाताला लागलं, तर मात्र वजन उतरण्याची वाट पाहू नका. लगेच तपासून घ्या. ‘वयानुसार होतंच’ म्हणून सोसत राहण्याचा हा आजार नाही.