दीपनगरची राख

भुसावळहून वरणगावकडे जाताना दीपनगरची उंच धुराडी तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असतील. तेथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याचा पहिला संच 1968 साली सुरू झाला. तो पुढे बंद झाला, पण त्याहून मोठे संच उभे राहिले. त्यांतले दोन प्रत्येकी 500 मेगावॉटचे आहेत.

आता थोडे गणित करू. असा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला, तर 1 कोटी 20 लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला साधारण 650 ग्रॅम कोळसा धरा. म्हणजे दिवसाला 7,800 टन कोळसा! आपल्या देशी कोळशात राख फार. शंभर किलोंत 35 किलो धरली, तरी एकाच संचातून रोज अडीच हजार टनांहून अधिक राख निघते. ती ठेवायची कोठे? पाण्यात कालवून वेल्हाळ्याजवळच्या राखेच्या तळ्यात सोडतात. पण राख सुकली आणि वारा सुटला, की ती शेतात, घरात आणि माणसांच्या छातीत जाते. केळीच्या पानावर तिचा थर बसला, तर पानाला ऊन मिळणार कसे?

ही राख थोडी बाजूला ठेवू आणि सिमेंटकडे वळू. अंड्याच्या टरफलावर लिंबाचा रस टाका. बुडबुडे येतात ना? तो कार्बन डायऑक्साइड. टरफल आणि चुनखडी यांत मुख्य पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी व माती सुमारे 1,450 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. तेव्हा 100 किलो शुद्ध चुनखडीतून 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. इंधनाचा धूर वेगळाच! भट्टीतून जे गोळे निघतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. एक टन क्लिंकरमागे सुमारे 850 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि पृथ्वी तापते आहे ती मुख्यतः याच वायूने.

क्लिंकर जिप्समबरोबर दळले की झाले सिमेंट. पाणी घातल्यावर ते घट्ट होते, पण त्याच वेळी थोडा चुना मोकळा सुटतो. हा चुना बळ देत नाही, उलट पाण्याने झिरपून जातो. येथे आपली राख कामाला येते. धुराड्याकडे निघालेली बारीक राख विजेच्या भारित पट्ट्यांवर पकडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती काचेच्या गोल मण्यांसारखी दिसते. या मण्यांतली सिलिका मोकळ्या चुन्याशी संयोग पावते आणि सिमेंटला घट्ट करणारा तोच पदार्थ आणखी तयार होतो. रोमन लोक इटलीतील पोझुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळत. म्हणून अशा सिमेंटला पोझोलाना सिमेंट हे नाव पडले. आपल्याकडचे गवंडी चुन्यात विटांची सुरखी घालीत, तीही याच गुणासाठी.

जळगाव-भुसावळ रस्त्यावर नशिराबादला सिमेंटचा कारखाना आहे, पण तेथे दळण होते, चुनखडी भाजली जात नाही. खानदेशचा काळा दगड लाव्हारसाचा, त्यातून सिमेंट होत नाही. क्लिंकर तेलंगणातून आणावे लागते. राख मात्र दाराशीच! भारतीय मानकाप्रमाणे या सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख चालते. 50 किलोंच्या पोत्यात 30 टक्के राख असेल, तर 15 किलो क्लिंकर वाचले, म्हणजे सुमारे 13 किलो कार्बन डायऑक्साइड कमी. बांधकाम चालू असेल तेथले रिकामे पोते वाचून पाहा, राखेचे प्रमाण त्यावर छापलेले असते.

राखेचे सिमेंट स्वस्त म्हणून कच्चे, असे काही लोक समजतात. ते खरे नाही. ते सावकाश बळ धरते, एवढेच. म्हणून त्यावर निदान 10 दिवस, जमल्यास 14 दिवस पाणी मारायला हवे. साध्या सिमेंटला एरवी 7 दिवस पुरतात. धुळे-जळगावच्या मे महिन्यात, विहिरींनी तळ गाठलेला असताना, खरी अडचण येते ती येथे. अशा वेळी ओली पोती पसरून स्लॅब झाकून ठेवतात. पाणी कमी लागते आणि ओल टिकते.