काळीच्या खळाळात रबरी नाव

जोयडा तालुक्याचे नाव आता बेळगाव-हुबळीकडील मराठी घरांत ऐकू येते ते बहुधा सहलीच्या निमित्ताने. ‘दांडेलीला जाऊन आलो, राफ्टिंग केले,’ असे पाहुणे सांगतात. वास्तविक ते जिथे नावेत बसतात ते गणेशगुडी गाव दांडेलीचे नसून आमच्या जोयडा तालुक्यातले. पण बाहेरच्या जगाला दांडेली ठाऊक, त्यामुळे आमच्या नदीचा लौकिक शेजाऱ्याच्या नावावर जमा होतो! असो. ह्या तालुक्याला नावांच्या बाबतीत तोटा सोसायची सवयच आहे. पूर्वी ह्याला सुपा तालुका म्हणत. काळी आणि पांढरी ह्या दोन नद्यांच्या संगमावर सुपा नावाचे गाव होते. धरण झाले, गाव पाण्याखाली गेले, माणसे रामनगरला वसवली गेली. आज धरणाला सुपा म्हणतात आणि ज्या गावाचे ते नाव, ते गाव धरणाच्या पोटात आहे.

राफ्टिंगची कथा ह्या धरणापासूनच सुरू होते, म्हणून एवढा पूर्वेतिहास सांगितला. काळी नदी ह्याच तालुक्यात डिग्गीच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे 184 किलोमीटर वाहून कारवारजवळ अरबी समुद्रास मिळते. सुप्याचे धरण 101 मीटर उंच. त्याच्या पायथ्याशी प्रत्येकी 50 मेगावॉटची दोन जनित्रे आहेत. ती फिरवून बाहेर पडलेले पाणी गणेशगुडीपासून मौळंगीच्या बाजूला दाट रानातून, खडकांच्या पायऱ्यांवरून खाली धावते. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला द्रुतवाह म्हणतात तो हाच. मुलांना मी साध्या भाषेत खळाळ म्हणून शिकवतो.

आता ह्यातली गंमत पाहा. सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या चैत्र-वैशाखात आटतात, डोहांपुरत्या उरतात. काळी मात्र ऐन उन्हाळ्यात खळाळत असते, कारण तिचे पाणी ऋतूचे नसून विजेचे आहे. कुठे दूर शहरात दिवे आणि पंखे लागले की इकडे जनित्र फिरते आणि नदीला पाणी येते. मागणी उतरली की त्याच पात्रात खडकांच्या पाठी उघड्या पडतात. सकाळी पाहिलेली नदी दुपारी तीच असेल असे नाही. ही एक गोष्ट समजली की राफ्टिंगमधल्या निम्म्या सूचनांचा अर्थ आपोआप लागतो.

राफ्ट म्हणजे लाकडी होडी नव्हे. ती रबराची किंवा पी.व्ही.सी.ची, हवा भरून फुगवलेली नाव. कडेच्या मोठ्या नळ्यांचे आतून वेगवेगळे कप्पे केलेले असतात. एखादा कप्पा फाटला तरी बाकीचे तिला तरंगती ठेवतात. आडव्या दोन-तीन नळ्या तिला रुंदीत ताठ ठेवतात आणि त्यांच्याखाली पाय अडकवून वल्हेकरी कडेवर बसतात. पुढचे व मागचे टोक वर उचललेले असते, ते लाटेत नाक खुपसू नये म्हणून. तळ मात्र विचार करण्याजोगा आहे. तोही फुगवलेला, कडेला दोरीने ओवलेला, आणि ओवलेल्या जागी भोके ठेवलेली! नावेच्या तळाला भोके, हे ऐकून आमच्या सातवीच्या वर्गात हशा पिकला होता. पण युक्ती अशी की फुगलेला तळ नदीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर राहतो, म्हणून आत उसळलेले पाणी त्याच भोकांतून आपोआप खाली निघून जाते. बादलीने उपसायला नको. ही युक्ती फार जुनी नाही, 1980 च्या सुमारास ती रूढ झाली.

हवा किती भरावी, ह्यात सारे कौशल्य आहे. काश्मिरात गुलमर्गला बर्फाच्या उतारावर दोन्ही पाय एका फळीला बांधून घसरण्याचा खेळ चालतो. त्याला स्नोबोर्ड म्हणतात. 1998 च्या नागानो स्पर्धांपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. त्या फळ्यांत काही लवचिक असतात, काही ताठ. कुठल्याही उतारावर वेगाने उतरणाऱ्या कसलेल्या खेळाडूंसाठी जी आक्रमक जातीची फळी बनवतात ती ताठ असते. कडक बर्फावर ती धार रोवून सरळ जाते, थरथरत नाही. पण खेळाडू क्षणभर सैल पडला तर त्याला आपटते. लवचिक फळी चूक पोटात घालते आणि वेगात मात्र डगमगते. फळी विकत घेताना हा गुण ठरून जातो. राफ्टमध्ये तो रोज सकाळी पंपाने ठरवावा लागतो. कमी हवेची राफ्ट लाटेवर गेली की मऊ गादीसारखी मधोमध दुमडते, तिचा वेग तिथेच मरतो. घट्ट भरलेली राफ्ट लाटेवर चढून पलीकडे उतरते. मात्र घट्टपणाचाही अतिरेक नको. उन्हात काठावर ठेवलेल्या राफ्टमधली हवा प्रसरण पावते आणि शिवणीवर ताण येतो. तीच राफ्ट धरणातून आलेल्या गार पाण्यात उतरवली की हवा आकुंचन पावून ती मऊ पडते. म्हणून जाणता गाइड पाण्यात उतरल्यावर पुन्हा एकदा नळी दाबून पाहतो. त्याचे हे दाबणे पाहुण्यांना उगीच वेळकाढूपणा वाटतो.

प्रवाहात नाव कशी वागते, हे आता पाहू. दोन खडकांमधून पाणी उतरते तेव्हा त्याच्या पृष्ठावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी गुळगुळीत जीभ दिसते. तिचे टोक प्रवाहाच्या दिशेला असेल तर ती वाट. टोक आपल्याकडे असेल तर त्या टोकाशी खडक दडलेला. पुढे पाणी जिथे खडकावरून कोसळते तिथे पृष्ठभागावरचे पाणी उलटे मागे वळते आणि खड्डा तयार होतो. राफ्ट त्यात सरळ आणि वेगाने गेली तर पार होते, आडवी गेली तर अडकते, प्रसंगी उलटते. वेग येतो वल्ह्यांनी. पण नेमका खड्डा समोर दिसला की नवखा माणूस घाबरून वल्हे वर उचलतो. पाण्यात रोवलेले वल्हे हाच त्या क्षणी त्याचा आधार असतो, हे त्याला कसे पटावे!

नावाड्याचे जुने ज्ञान इथे कामास येते ते नदी ओलांडताना. नावेचे नाक थोडे प्रवाहाविरुद्ध तिरपे धरून वल्हवले की नदीच तिला ढकलून पलीकडे नेते. आमच्याकडील तरीवाल्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

सर्वांत कठीण प्रसंग खडकाशी गाठ पडते तेव्हाचा. राफ्ट आडवी होऊन खडकाला टेकली की माणसे स्वभावतः खडकापासून दूर सरकतात. त्यामुळे प्रवाहाकडची नळी खाली दबते, पाणी तिच्यावर चढते आणि राफ्ट खडकाला कागदासारखी चिकटते. करायचे असते उलट: साऱ्यांनी खडकाच्या बाजूला झेपावायचे, म्हणजे प्रवाहाकडची कड उचलली जाते व पाणी खालून निघून जाते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट. अशा रेट्याशी हुज्जत घालता येत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते.

ह्या सगळ्या गणितात माणसांची संख्या हा घटक मला कळीचा वाटतो. चौदा फुटी राफ्टमध्ये साधारणतः सहा ते आठ वल्हेकरी बसतात. त्यात बारा कोंबले तर नाव जड होते एवढेच नव्हे. भाराने तळ पाण्याच्या पातळीला येतो आणि ती भोके पाणी बाहेर टाकीनाशी होतात. वल्हे फिरवायला कोपर मोकळे राहत नाही. मधल्या माणसांना पाय रोवायला जागा नसते. वळायला नाव उशीर करते आणि खळाळात उशीर म्हणजे खडक. 2022 च्या एप्रिलमध्ये गणेशगुडीच्या बाजूला क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली राफ्ट पाण्यात अडकली, सुदैवाने माणसे वाचली. त्याचे चित्रण गावोगावी पाहिले गेले आणि जिल्हा प्रशासनाने जलक्रीडा काही काळ बंद ठेवल्या.

बंदी योग्यच होती. परंतु तिची झळ ज्यांना लागली त्यांत आमचे माजी विद्यार्थी होते. ह्या तालुक्यात शेती थोडी, रान पुष्कळ; 2015 पासून काळी व्याघ्र प्रकल्प ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रात कारखाना यायचा नाही, आणि येऊही नये. दहावीनंतर मुलगा गोव्याला जातो किंवा बेळगावला. जे थोडे राहिले ते नदीमुळे. त्यांतला एक मागच्या बाकावरचा. व्याकरणात त्याने मला पुष्कळ छळले. आज तो राफ्टच्या मागच्या टोकावर बसून कोकणी, कन्नड, मराठी, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी अशा पाच भाषांत आज्ञा देतो, आणि त्या आज्ञार्थात एकही चूक नसते. त्याला एकदा विचारले, जास्त माणसे घ्या म्हणून दडपण येते तेव्हा काय करतोस? म्हणाला, ‘गुरुजी, मालकाला एकट्याने नाही म्हटले तर काम जाते. पाहुणेच नाही म्हणाले तर कोणाचेच जात नाही.’

तेव्हा पाहुण्यांनीच काय पाहावे, हे त्याच्याकडूनच ऐकून लिहितो. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर खांद्याजवळ धरून वर ओढावे. ते हनुवटीपर्यंत सरकले तर माप मोठे, दुसरे मागावे. मुलांना मोठ्यांचे जॅकेट कधीही चालत नाही. हेल्मेट हनुवटीखाली बांधलेले असावे. निघण्यापूर्वी आज्ञांचा सराव काठाजवळच्या संथ पाण्यात करून घेतला नाही, तर तो मागावा. आज धरणातून पाणी किती सुटले आहे, हे विचारण्यात संकोच नको. गाइडला ते ठाऊक असायलाच हवे. आणि पाण्यात पडलात तर उभे राहू नये, पाणी कमरेएवढेच वाटले तरीही! खडकांच्या फटीत पाऊल अडकते आणि प्रवाह माणसाला पुढे लोटून पाण्याखाली दाबतो. पाठीवर पडावे, पाय प्रवाहाच्या दिशेला, पावलांची बोटे पाण्याबाहेर दिसतील इतकी वर. गाइड दोरीची पिशवी फेकील, तेव्हा दोरी धरायची, हाताला गुंडाळायची नाही.

पावसाळ्यात जोयड्यात कोसळणारा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना, त्या महिन्यांत राफ्ट काठावर उलट्या का पडलेल्या असतात, हे सांगायला नको. दसरा झाला की मुले त्या धुऊन पुसून पुन्हा पंप मारू लागतात.