आजा सालदार होता, कागद कुठे शोधावा?

ज्याच्या घरी सातबारा आहे त्याला आजा-पणजा शोधणे जड जात नाही. जुने फेरफार काढले की वारसांची साखळी हाती लागते. पण ज्याचा आजा दुसऱ्याच्या वावरात सालाने राबला, त्याने काय करावे? आमचाच आजा सालदार. घरच्या मुलीच्या जात पडताळणीसाठी त्याचा पुरावा लागला, तेव्हा आम्हाला हे कोडे पडले.

पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजा शाळेत गेलाच नाही, म्हणून दाखल-खारीज रजिस्टरात नाव नाही. उरले कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची वही. तिथे वावर असलेला आणि नसलेला असा भेद नाही.

मात्र वाचायची रीत आहे. जन्मलेल्या लेकराचे नाव बहुधा लिहिलेले नसते. 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच, आणि बापाचे नाव व जात. म्हणून आजाचा जन्म शोधत बसू नका, त्याच्या लेकरांचे जन्म शोधा. बाप म्हणून तो तिथे सापडतो. आडनावावर विसंबू नका. महादेव कुठे म्हादू असतो, कुठे महादू.

आपल्या उमरखेडची आणखी एक गोष्ट. हा भाग पुसद तालुक्यात होता आणि तो तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात. पैनगंगेपलीकडचे हदगाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आजी तिकडची असेल तर माहेरचे कागद उर्दूत निघायचे. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किती गरज पडली, ते सर्वांनी पाहिलेच.

आम्हाला आजा सापडला तो एका मुलीच्या जन्माच्या ओळीत. पुढे तीन महिन्यांनी तीच मुलगी मृत्यूच्या पानावर; कारण, ताप. या आत्याबद्दल घरात कोणी कधी बोलले नव्हते. जिला नावही मिळाले नाही, तिच्यामुळे आजाचे नाव कागदावर राहिले, आणि आज नातीच्या कामी आले.

तेव्हा घरी म्हातारी माणसे आहेत तोवर गाव, नावे, सोयरीक विचारून लिहून ठेवा. जुनी पाने झिजत चालली आहेत. शिक्क्याची नक्कल आजच काढा, उद्यावर टाकू नका.