गड्याचें सुतक आणि मालकाचा खाडा

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत सालगड्याचा ठराव बहुधा गुढीपाडव्यास होतो. पगार, धान्य, कपडा, पायताण, सणाची सुटी, सगळें कसून बोललें जातें. मात्र गड्याच्या घरीं मृत्यु झाल्यास किती दिवस मोकळीक द्यावयाची, हें कोणी काढीत नाहीं. सणाच्या दिवशीं अभद्र कां बोला, असें वाटतें. मग प्रसंग ओढवला म्हणजे गडी तेराव्यापर्यंत घरीं राहतो आणि पुढें हिशेबांत ते दिवस खाडे म्हणून लागतात. आपल्या घरीं सुतक असतां वैरण, धारा आणि पाण्याची पाळी हाच गडी सांभाळतो, याचा तेवढ्यापुरता विसर पडतो.

तोडकऱ्यांची स्थिति याहून बिकट. १९५० सालीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ऊसवाले एकत्र आले, तोडकरी मात्र मुकादमाच्या उचलीवरच राहिला. नवराबायको मिळून एक कोयता. घरचें माणूस गेल्यास दोघेंही गांवीं जातात, म्हणजे खाडाही दोघांचा. त्यांतील एक दगावलें तर कोयता मोडतो, उचल मात्र उरते. आणि ती फेडण्यास पोरगा पुढें केला जातो. बापाच्या उचलीपायीं मुलास राबविणें हें १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानें बंद केलें आहे, हें मुकादमास ऐकविण्याचें काम आपलें आहे.

ग्रेट ब्रिटनमध्यें १८ वर्षांखालील अपत्य गमावलेल्या नोकरास दोन आठवड्यांची रजा २०२० पासून कायद्यानें मिळते. आपल्या बांधावर कायदा येईल तेव्हां येवो. सुतकाचे दिवस भरपगारी धरावयास मालकाचा शब्द पुरे आहे. निरोप येतांच वाटखर्चीस रोख द्यावी व ती उचलींत मांडूं नये. तिसऱ्याच दिवशीं 'कधीं येतोस' असा निरोप धाडूं नये. गडी परतल्यावर कांहीं दिवस मळणीयंत्र, विहिरीवरील मोटर व ट्रॅक्टर यांपासून त्यास दूर ठेवावें. जागरणानें व शोकानें सुन्न झालेला माणूस यंत्राजवळ उभा करणें यासारखा अविचार नाहीं.

आतां गडीच गेला तर? गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाच्या शेतकरी अपघात अनुदान योजनेंत अपघाती मृत्यूस २ लाख रुपये मिळतात, पण ते खातेदारास व त्याच्या कुटुंबांतील एकास. सातबाऱ्यावर नांव नसलेला आपला गडी, त्याच विहिरींत उतरणारा, त्यांत बसत नाहीं. त्याच्यासाठीं प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना आहे: वय १८ ते ७०, वर्षाचा हप्ता २० रुपये, अपघाती मृत्यूस २ लाख. तिचें वर्ष १ जूनला सुरू होतें. पाडव्याच्या ठरावांतच हा हप्ता मालकाकडे घ्यावा, गड्यास बँकेंत नेऊन अर्ज भरावा, आणि वारस म्हणून त्याच्या बायकोचें नांव लागलें कीं नाहीं, तें तेथेंच पाहून घ्यावें.