इंटरनेट ‘टाकून’ मिळत नाही

जुलै-ऑगस्ट आला की ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर नवाकोरा लॅपटॉप घेऊन हिंडणारी मुले दिसू लागतात. कोणाला जिवाजी विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो, कोणाला माधव इन्स्टिट्यूटमध्ये. लष्कर भागातल्या मराठी घरचा मुलगा असेल तर सोबत काका नाहीतर मामा असतोच, आणि दुकानदाराला सांगायचे वाक्यही ठरलेले : ‘भैया, इसमें इंटरनेट डाल दीजिए.’ दुकानदार वाद घालत नाही. तो काहीबाही टाकतो, पैसे घेतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. विद्यापीठात गेल्यावर मात्र लॅपटॉप तसाच कोरा. मग दोष कधी लॅपटॉपला, कधी विद्यापीठाला.

हा गैरसमज इतका चिवट का, याचे कारण सोपे आहे : एके काळी ही मागणी अगदी बरोबर होती.

गैरसमज : इंटरनेटचे सॉफ्टवेअर वेगळे आणून बसवावे लागते

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा ते खरोखरच आणून बसवावे लागत होते. त्या वेळचे बहुतेक संगणक डॉसवर किंवा विंडोज ३.१ वर चालत. इंटरनेटवरची सारी देवाणघेवाण ज्या नियमांनी होते ते टीसीपी/आयपी विंडोज ३.१ ला ठाऊकच नव्हते. स्वस्त खाते घेतले तर पडद्यावर नुसती अक्षरे दिसत. चित्रे पाहायची तर महागडे टीसीपी/आयपी खाते, आणि वर ते चालवणारा प्रोग्रॅम कुठून तरी मिळवायचा. बहुतेकांच्या वाट्याला आला तो ‘ट्रम्पेट विनसॉक’. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातल्या पीटर टॅटम या प्रोग्रॅमरने तो लिहिला होता. आधी वापरा, पटले तर पंचवीस डॉलर पाठवा, असा सौदा. फ्लॉपीवरून तो जगभर पसरला. पैसे पाठवणारे फार थोडे. मोडेमने कोणता नंबर फिरवायचा, नाव कधी सांगायचे, पासवर्ड कधी, हे सारे एका छोट्या फायलीत लिहून द्यावे लागे. एक ओळ चुकली की शिट्टी वाजून फोन बंद.

विदेश संचार निगमच्या उद्घाटनानंतर नवव्या दिवशी, २४ ऑगस्ट १९९५ ला, विंडोज ९५ बाजारात आले. त्यात टीसीपी/आयपीही होते आणि फोन लावून जोडणी करण्याची सोयही. ‘इंटरनेट टाकून देणे’ या धंद्याचा पाया तिथेच खचला. आजच्या विंडोज, मॅक किंवा लिनक्समध्ये जोडणीसाठी लागणारे सगळे पहिल्या दिवसापासून असते. बसवायचे असे फार तर एकच उरते, ते म्हणजे वाय-फायच्या चिपचा ड्रायव्हर. तोही विंडोज नव्याने टाकल्यावर कधीमधी लागतो. अशा वेळी यादीत एकही वाय-फाय दिसत नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे असा पेच पडतो. मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून, मॉडेल नंबर पाहून, ड्रायव्हर घ्यावा. ‘सब ड्राइवर एक साथ’ देणारे फुकटचे पॅक टाळलेले बरे. त्यांच्या पोटात ड्रायव्हरशिवाय आणखी काय असते ते उघडल्यावरच कळते.

गैरसमज : हे सगळे बड्या कंपन्यांनी केले, विद्यापीठे नुसती वापरतात

उलट आहे. चित्रे आणि मजकूर एकत्र दाखवून ज्याने वेब लोकप्रिय केले तो मोझॅक ब्राउझर १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या केंद्रात तयार झाला. युडोरा हा ई-मेलचा प्रोग्रॅमही त्याच विद्यापीठातला. पेगॅसस मेल न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला.

आपल्याकडेही सामान्य माणसाच्या नऊ वर्षे आधी, १९८६ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हा प्रकल्प उभा राहिला. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतला इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, एवढी त्यातली मंडळी. मुंबईतल्या या केंद्रात आणि पवईच्या आयआयटीत साध्या टेलिफोनवरून ई-मेल जात-येत होते तेव्हा बहुतेक बँकांमध्ये खातेवह्या हातानेच लिहिल्या जात होत्या.

गैरसमज : वाय-फाय जोडले म्हणजे इंटरनेट सुरू झाले

विद्यापीठातल्या निम्म्या रडारडीचे मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबू. बाड्यावर मुख्य टपाल कार्यालयाची देखणी इमारत आहे. घराच्या दाराला पेटी ठोकली म्हणून तिथून पत्रे येऊ लागत नाहीत. पत्ता लागतो, आणि रजिस्टर्ड पत्र असेल तर ओळखही पटवावी लागते. इंटरनेटच्या बाबतीत वाय-फायची खूण म्हणजे नुसती पेटी. त्यानंतर तुमच्या यंत्राला एक आयपी पत्ता मिळावा लागतो, आणि विद्यापीठात तिसरी पायरी असते ती ओळखीची. घरी ही तिसरी पायरी राउटरच्या पासवर्डात उरकते, त्यामुळे ती वेगळी जाणवत नाही.

कुठे अडले ते ओळखणे अवघड नाही. यंत्राचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर विद्यापीठाने तुम्हाला पत्ता दिलेलाच नाही. तो यंत्राने स्वतःच लावून घेतलेला आहे. अशा वेळी ब्राउझर बदलून किंवा अँटिव्हायरस काढून काही होणार नाही. पत्ता नीट असेल आणि तरी पाने उघडत नसतील तर बहुधा लॉगिनचे पान वाट पाहत असते. ते आपोआप वर येईलच असे नाही. हल्ली जवळपास प्रत्येक संकेतस्थळ एचटीटीपीएस या कुलूपबंद पद्धतीवर असते. मध्येच कोणी दुसरे पान पुढे केले की ब्राउझरला ती फसवणूक वाटते आणि तो धोक्याची पाटी लावतो. त्याचे म्हणणे खोटेही नसते. त्या पाटीवर ‘तरीही पुढे जा’ दाबू नये. साधा एचटीटीपी पत्ता टाकला की लॉगिनचे पान निमूट उघडते. लॅपटॉपचे घड्याळही पाहून घ्या. तारीख चुकलेली असली तर संकेतस्थळांची ओळख पटवणारी सगळी प्रमाणपत्रे ब्राउझरला खोटी दिसतात. बॅटरी पार उतरलेल्या जुन्या यंत्रात हे हमखास होते.

फोनवाल्यांसाठी आणखी एक. काही संस्था प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या वाय-फाय चिपचा ओळख क्रमांक, नोंदवून घेतात. नव्या अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये खासगीपणा जपण्यासाठी खरा मॅक पत्ता लपवून बनावट दिला जातो. नोंदणी एका नावाची आणि दारात उभा दुसराच, असा प्रकार. त्या एका वाय-फायपुरती ही सोय बंद करावी लागते.

गैरसमज : विद्यापीठाच्या वाय-फायच्या सेटअपचे अ‍ॅप नाही टाकले तरी चालते, पासवर्ड दिला की झाले

चालते, हेच दुखणे आहे. जगातल्या शंभरांहून अधिक देशांतल्या विद्यापीठांत ‘एज्युरोम’ नावाचे एकच वाय-फाय दिसते. ही कल्पना २००२ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये निघाली. भारतात तिचे काम अर्नेटकडे आहे. ज्या संस्थेत एज्युरोम आहे तिथला विद्यार्थी दुसऱ्या कुठल्याही एज्युरोमच्या आवारात गेला की त्याचा लॅपटॉप आपणहून जोडला जातो. पुण्यात परिषदेला जा, नाहीतर लंडनला. यजमान विद्यापीठाला त्याचा पासवर्ड कधीच कळत नाही. तो बंद पाकिटात त्याच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या सर्व्हरकडे जातो, आणि तिथून फक्त ‘हा आमचाच’ एवढे उत्तर येते.

पण पाकीट खऱ्या सर्व्हरलाच मिळते आहे, हे लॅपटॉपला कसे समजायचे? त्यासाठी सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासावे लागते, आणि ते काम सेटअपचे अ‍ॅप करते. कोणते प्रमाणपत्र, कोणत्या नावाचा सर्व्हर, हे ते यंत्रात पक्के नोंदवते. त्याने वेग वाढत नाही, फुकट डेटा मिळत नाही, डोळ्यांना काही वेगळे दिसतही नाही, म्हणून पोरे ते टाळतात. नाव-पासवर्ड हाताने भरून, प्रमाणपत्राच्या रकान्यात ‘तपासू नका’ निवडले तरी जोडणी होतेच. मग एखाद्याने कँटीनमध्ये त्याच नावाचे खोटे वाय-फाय उभे केले तर लॅपटॉप त्यालाही ओळखपत्र दाखवायला तयार. विद्यापीठाचा पासवर्ड एकच असतो. त्यावर ई-मेल असते, आणि बऱ्याच ठिकाणी निकाल आणि फीसुद्धा. माझ्या मते विद्यापीठाच्या संगणकावर आवर्जून बसवावे असे हे एकच इंटरनेटचे सॉफ्टवेअर आहे. ते विद्यापीठाने दिलेल्या दुव्यावरून किंवा एज्युरोमच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. आणि ते उतरवायलाही इंटरनेट लागते, म्हणून घरून निघण्यापूर्वीच टाकून ठेवावे. तुमच्याकडे एज्युरोम आहे की दुसरी व्यवस्था, ते संगणक केंद्रात विचारले की समजते.

गैरसमज : व्हीपीएन टाकला की फुकट इंटरनेट मिळते, आणि तो बेकायदा असतो

दोन्ही चूक. व्हीपीएनला आधी इंटरनेट लागते. तो असलेल्या जोडणीतून एक बंद नळी काढतो, एवढेच. भारतात व्हीपीएन वापरणे हा साधारणपणे गुन्हा नाही. सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सरकारी सीईआरटी-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशात लोकांना व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवावी असे सांगितले, आणि त्यावरून ‘व्हीपीएनवर बंदी आली’ अशी हाकाटी झाली. संस्था आपल्या माणसांसाठी जो व्हीपीएन चालवतात त्याला हा नियम लागू नाही, असा खुलासाही मागाहून आला.

विद्यापीठाचा व्हीपीएन आणि मोबाइलवरचा फुकटचा व्हीपीएन यांत नावापलीकडे साम्य थोडे. पहिला तुम्हाला तुमच्याच संस्थेच्या आवारात नेऊन बसवतो. दुसरा कुण्या अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर नेतो, आणि सर्व्हरचे भाडे कोणीतरी भरतच असते.

आवारात ‘असण्याचा’ उपयोग काय, हे संशोधन करणाऱ्यांना विचारावे. बाड्यावरच्या केंद्रीय ग्रंथालयात राज्यघटनेच्या मूळ प्रतींपैकी एक जपून ठेवली आहे. ती पाहायला स्वतः जावे लागते. नियतकालिकांचे आता तसे राहिलेले नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिके. केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांतल्या सुमारे १ कोटी ८० लाख लोकांना ती खुली आहेत. आवारात असताना प्रकाशक संस्थेचा आयपी पत्ता ओळखतो आणि लेख उघडतो. दौलतगंजातल्या भाड्याच्या खोलीतून तोच लेख उघडला की पैशांची पाटी समोर येते, आणि मुलगा समजतो योजना बोलाचीच कढी. खरे म्हणजे त्याने फक्त संस्थेच्या नावाने लॉगिन करायचे असते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘इन्फेड’ ही व्यवस्था त्यासाठीच आहे : प्रकाशकाच्या पानावर संस्था निवडायची, संस्थेने दिलेल्या नाव-पासवर्डाने आत जायचे. काहीही बसवावे लागत नाही. खाते मात्र ग्रंथालयातून उघडून घ्यावे लागते, आणि तेवढ्या कंटाळ्यापायी कितीतरी जण चोरटी संकेतस्थळे धुंडाळत बसतात.

गैरसमज : लॅबच्या संगणकावर काही टाकू देत नाहीत, ही अडवणूक आहे

एकाने टाकलेला घाणेरडा प्रोग्रॅम दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह खराब करतो, म्हणून तो निर्बंध. बऱ्याच लॅबमध्ये यंत्र बंद करून चालू केले की मूळ स्थितीत येते. म्हणजे डेस्कटॉपवर ठेवलेला प्रबंधही जातो. तो विद्यापीठाच्या क्लाउडवर ठेवावा.

परवान्याची गोष्टही विसरली जाते. दुरून दुसऱ्याचा संगणक चालवणारी काही सॉफ्टवेअरे फक्त घरगुती वापरासाठी फुकट असतात. विभागाच्या कार्यालयात तीच टाकली की परवाना मोडतो. उलट काही गोष्टी फुकट असून लोक चोरून घेतात : मायक्रोसॉफ्ट ऑफिसची वेबवर चालणारी आवृत्ती पात्र संस्थांतल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या ई-मेलवर विनामूल्य मिळते. तरी लोक ‘क्रॅक’ टाकतात, आणि तो टाकण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा अशी त्याची पहिलीच सूचना मुकाट्याने पाळतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा जुन्या यंत्रावर विंडोज ११ बसत नसेल तर लिनक्स बसवणे हा खर्चाविना उपाय आहे. वाय-फाय आणि एज्युरोम तिथेही चालते.

गैरसमज : इनकॉग्निटोमध्ये विद्यापीठाला काही दिसत नाही; नाहीतर सगळेच दिसते

इनकॉग्निटोने तुमच्याच लॅपटॉपवरचा इतिहास राहत नाही, नेटवर्कला फरक पडत नाही. पण एचटीटीपीएसमुळे संगणक केंद्राला साधारणपणे तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात एवढेच कळते. तिथे काय वाचले, काय लिहिले ते नाही. अपवाद एक : विद्यापीठाने किंवा बाड्यावरच्या दुकानदाराने यंत्रात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र घातले असेल तर एचटीटीपीएसही उघडून वाचता येते. प्रमाणपत्रांच्या यादीत अनोळखी नाव दिसले तर ते कशासाठी आहे हे विचारावे. जोडण्यांच्या नोंदी मात्र सीईआरटी-इनच्या २०२२ च्या त्याच आदेशानुसार १८० दिवस ठेवायच्या असतात. म्हणूनच आपले लॉगिन रूममेटला देणे महागात पडू शकते; नोंदीत नाव खातेदाराचे येते.

तक्रार नोंदवायची वेळ आलीच तर ‘नेट चालत नाही’ असे लिहू नये. वेळ, इमारत, वाय-फायचे नाव, यंत्राचा आयपी पत्ता आणि पडद्यावरच्या सूचनेचा फोटो, एवढे दिले की संगणक केंद्राला तीन पायऱ्यांपैकी कुठली अडली ते जागेवरून सांगता येते.