छत्रपती संभाजीनगर–मुंबई हवाई अंतर व प्रवासकाळ

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील चिकलठाणा विमानतळ आणि मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे साधारण १५१ सागरी मैल आहे. वेळापत्रकात या उड्डाणासाठी सुमारे एक तास धरलेला असतो.

अंतराची मोजणी

पृथ्वी गोलाकार असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग हा बृहद्‌वृत्ताचा कंस असतो. ज्या वर्तुळाचे केंद्र व पृथ्वीचे केंद्र एकच असते, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. अंतर थोडे असल्यास हा कंस जवळजवळ सरळ रेषेसारखाच असतो. त्यामुळे पायथागोरसच्या सिद्धान्तानेही उत्तर काढता येते.

चिकलठाणा विमानतळ १९°५२′ उत्तर अक्षांश व ७५°२४′ पूर्व रेखांशावर, तर मुंबईचा विमानतळ १९°०५′ उत्तर व ७२°५२′ पूर्व येथे आहे. अक्षांशांतील ४७ कलांचा फरक सुमारे ८७ किलोमीटर होतो. या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा असल्याने २°३२′ चा फरक सुमारे २६६ किलोमीटर भरतो. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण सुमारे २८० किलोमीटर येतो.

याच रेखांशीय फरकामुळे दोन्ही शहरांच्या स्थानिक सौर वेळेत सुमारे दहा मिनिटांचे अंतर पडते. घड्याळ मात्र दोन्हीकडे भारतीय प्रमाणवेळेचेच असते.

प्रवासकाळ

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर २१ मिनिटांत कापता यावे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. वेळापत्रकातील काळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली उतरणे व थांब्यापर्यंत येणे यांचा समावेश होतो. जवळच्या प्रवासात विमानास पूर्ण वेगाने उडण्यास फारच थोडा अवधी मिळतो. त्यातच मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. त्यामुळे गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

रेल्वे व रस्त्याशी तुलना

लोहमार्ग उत्तरेकडे मनमाडपर्यंत वळसा घेत असल्याने रेल्वेचे अंतर सुमारे ३७५ किलोमीटर होते आणि जलद गाड्यांनाही सुमारे सहा ते सात तास लागतात. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण ७०१ किलोमीटर लांबीचा खुला झाला व रस्त्याचा प्रवासही लवकर होऊ लागला. विमानाने जाणाऱ्यास उड्डाणापूर्वी किमान तासभर आधी पोहोचावे लागते; शिवाय सामान मिळणे व मुंबईतील रहदारी यांचा वेळ धरता घरापासून मुक्कामापर्यंत साडेतीन ते चार तास सहज जातात. म्हणून केवळ उड्डाणाचा एक तास पाहून साधनांची तुलना करणे योग्य ठरत नाही.

१९९३ चा अपघात

या मार्गावरील सर्वांत मोठी दुर्घटना २६ एप्रिल १९९३ रोजी घडली. मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान (उड्डाण क्र. ४९१) धावपट्टी सोडताच बाहेरील बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाने भरलेल्या मालमोटारीस धडकले. पुढे ते उच्चदाबाच्या वीजतारांना आदळून कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. विमान उचलण्यास झालेला उशीर व उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन न होणे ही कारणे चौकशीत पुढे आली. पुढे येथील धावपट्टी वाढविण्यात आली. आज तिची लांबी सुमारे २,८०० मीटर आहे.